मास्तरांची वॉर्निंग

“म्हणजे माझं तोंड बंद करायची सोय झाली, आणि ती चालते का ते मीच तपासायचं?” मास्तरांनी खुर्ची गर्रकन फिरवून विचारलं.

“फक्त टेस्ट लिहायच्यात हो,” टीम लीड म्हणाली. ती त्यांच्या मुलीच्या वयाची. सगळं ऑफिस हसलं. मास्तरही हसले, पण मनातून खट्टू झाले.

तारखा सांभाळणाऱ्या त्यांच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीतली, म्हणजे इतर प्रोग्रामरांनी वापरायच्या तयार कोडमधली, प्रत्येक वॉर्निंग मास्तरांच्या हातची; ऑफिसात त्यांचं नाव मास्तर पडलं ते त्यामुळेच. कुणी तीस फेब्रुवारी टाकली, की त्याच्या स्क्रीनवर उमटायचं, ‘ही तारीख कुठल्या कॅलेंडरात सापडली?’ काहींना गंमत वाटे, पुष्कळांना कटकट. म्हणून आता नवा हँडलर आला होता. वापरणाऱ्याने स्वतःचं फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, द्यायचं, वॉर्निंग स्क्रीनऐवजी तिकडे जाणार. रिकामं फंक्शन दिलं, की मास्तर गप्प.

जेवताना त्यांनी बायकोला फोनवर गाऱ्हाणं सांगितलं.

“अहो, घरी आम्ही ही सोय केव्हाच करून घेतलीय,” ती हसत म्हणाली. “तुम्ही बोलता, आम्ही हूं हूं करतो.”

त्या हसण्यानेच त्यांना जरा बळ आलं. पहिल्या टेस्टमध्ये त्यांनी खोटा हँडलर लावून चुकीची तारीख दिली. वॉर्निंग बरोबर त्याच्याकडे गेली, टेस्ट पास. हिरवं. दुसऱ्या टेस्टमध्ये रिकामं फंक्शन देऊन, लायब्ररी जिच्यावर वॉर्निंग देते अशी प्रत्येक चूक मुद्दाम केली. स्क्रीनवर एक अक्षरही यायला नको होतं.

लाल! एक वॉर्निंग बोललीच.

सालाचे दोनच आकडे लिहिणाऱ्यांसाठीची ती वॉर्निंग. जन्मसालाच्या अशाच दोन आकड्यांमुळे शतक चुकून कुठल्याशा आजीबाईंना बालवाडीत प्रवेश मिळाला होता, तेव्हा मास्तरांनी ती रागाच्या भरात लिहिलेली. बाकीच्या वॉर्निंग एका वाटेने जात. हिला त्यांनी थेट स्क्रीनवर सोडलं होतं आणि साफ विसरले होते. ती अजून बोलते आहे हे पाहून त्यांना भरूनच आलं.

टीम लीडने वाकून पाहिलं. “हिच्यावर तुमचा जीव दिसतोय. राहू दे का? टेस्टमधून वगळू.”

मास्तरांचा हात माऊसवर घुटमळला. हो म्हटलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

“नको गं,” ते म्हणाले. “समोरचा नको म्हणतोय ना, मग गप्प बसायचं.”

त्यांनी ती ओळ हँडलरकडे वळवली. पुन्हा हिरवं. टीम लीड चहाला गेली.

मास्तर मात्र उठले नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी आणखी एक टेस्ट लिहायला घेतली: कुणीच हँडलर दिला नाही, तर हीच वॉर्निंग मूळच्या शब्दांत स्क्रीनवर आली पाहिजे. अपेक्षित वाक्य जुन्या फाइलमधून उचलायचं सोडून त्यांनी आठवणीतूनच टाइप केलं, ‘दोन आकड्यांत माणसाचं वय कळत नाही. पूर्ण साल लिहा.’

टेस्ट चालवली. पहिल्या फटक्यात हिरवी. एका टिंबाचाही फरक पडला नव्हता.