मंगळवारचे खडू

धाकट्या लेकीचं लग्न उरकलं, त्याच वर्षी मावशींच्या शाळेत मंगळवारच्या बाई आल्या. मावशी तिथल्या शिपाईबाई. त्या समुपदेशक, फक्त मंगळवारी यायच्या; काम मुलांशी बोलायचं, त्याहून जास्त ऐकायचं. जागा मिळाली ती खडू ठेवायच्या खोलीत.

तिसरीतली एक मुलगी भिंतीच्या कडेकडेनं चालायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. तिची आई चार महिने अंथरुणाला खिळलेली. मुंगीनं शाळेत बोलणंच टाकलं होतं. बाईंनी तिला बोलावलं, आणि मावशींनी तीस वर्षांच्या सवयीनं वर्गाच्या दारातून हाळी दिली, "मुंगे, चल! मंगळवारच्या बाई बोलावतात!"

"डोकं तपासायला चालली!" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्ग खिदळला.

पुढच्या मंगळवारी मुंगी जागेवर नव्हती. मुलींच्या संडासात आतून कडी लावून बसली होती.

"मी वेडी नाहीये," दारामागून आवाज आला. महिनाभरात ती पहिल्यांदा बोलली.

"वेडी मी," मावशी म्हणाल्या. "एवढा घसा फोडायची काय गरज होती मला?"

त्यानंतर मावशींनी नावं पुकारणं सोडलं. दर मंगळवारी झाडलोट करताना त्या सगळ्या वर्गांतले खडू उचलून त्या खोलीत नेऊन ठेवत. मग ज्याला खडू हवा, त्यानं तिथं पोर धाडायचं.

"अहो मावशी, एकेक खडू काय देता? डबाच द्या की!" तिसरीचे गुरुजी वैतागले.

"एकेकच द्यायचा, वरून हुकूम आहे."

"कुणाचा?"

मावशींनी नुसतं मुंगीच्या बाकाकडे पाहिलं. गुरुजींनी हजेरीत डोकं घातलं.

दिवसभर पोरांची ये-जा. कोण लगेच परतलं, कोण अर्ध्या तासानं, कुणाच्या ध्यानात येईना. मुंगीही खडू आणायला जाऊ लागली. आत काय बोलते, मावशींनी कधी विचारलं नाही.

सहामाही परीक्षेनंतरच्या मंगळवारी गुरुजींच्या टेबलावर चार खडू पडलेले असताना मुंगी उभी राहिली.

"गुरुजी, मला मंगळवारच्या बाईंकडे जायचंय. बोलायला."

या वेळी मागच्या बाकावरून कुणी हसलं नाही. मावशींनी तिला खोलीच्या दारापर्यंत सोडलं आणि मधल्या सुट्टीची घंटा द्यायला गेल्या.

मुंगीची आई आदल्या गुरुवारी, सकाळी नऊ वाजता वारली होती.