चंद्रीच्या मानेवरची गाठ

ओवे गावात दिनानाथांच्या घरी दुधावरून रोज खटके उडत. सून मनिषा दूध तापवायला पुढे झाली की दिनानाथ म्हणत, "उकळलंस की ताकद गेली! माजी चंद्री ठणठणीत हाय." मग ते गाईची धार काढून फेसाळ दुधाचा पेला थेट चार वर्षांच्या नातीच्या, रियाच्या ओठी लावत. "आबा, लेकराला कच्चं दूध नको," मनिषा परोपरीने सांगे, पण ते ऐकत नसत.

यंदा रियाला ताप आला, तो उतरेना. ती झापडीतच राहू लागली. पनवेलच्या डॉक्टरांनी मेंदूचा क्षयरोग सांगितला. औषधं सुरू झाली, पण फार उशीर झाला होता. रिया गेली.

डॉक्टरांनी कच्च्या दुधाबद्दल विचारलं होतं, म्हणून मनिषाने पशुवैद्य मनस्वी यांना बोलावलं. त्यांनी चंद्रीच्या मानेवर तपासणीची सुई टोचली. तीन दिवसांनी तिथे मोठी गाठ आली.

"हिच्या शरीरात क्षयाचे जंतू असावेत, आबा," मनस्वींनी दिनानाथांना सांगितलं.

"खोटं! ती कंदी खोकली पण नाय!"

"कारण तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी लढतायत. काही जंतूंना गिळतात, काही घेरून कोंडून ठेवतात. सुईतून टोचलेला त्याच जंतूंचा निर्जीव अंश ओळखून त्या पेशी धावून आल्या, म्हणून ही गाठ. पण कोंडलेले जंतू जिवंत राहतात, निसटून दुधातही उतरतात. तिच्या पेशी तिला राखतात, आबा. दूध पिणाऱ्या लेकराला नाही."

"म्हंजे... मीच?"

"ते खात्रीनं सांगता येत नाही. पण दूध उकळलं असतं, तर ती वाट तरी बंद झाली असती."

"माज्या हातानं पाजलं रे देवा!" दिनानाथ मटकन खाली बसले. मनिषा रडत होती. तिने त्यांना सावरलं नाही.

एकाएकी ते ताडकन उठले. शेजारच्या कोमलच्या बाळालाही चंद्रीचंच दूध जात होतं! ते अनवाणी धावले. "पोरी, ते दूध ओतून टाक! बाळाला डॉक्टरांकडे ने!"

कोमलचं बाळ तपासणीत निरोगी निघालं. चंद्रीला वेगळं बांधलं, तिचं दूध बंद झालं. दिनानाथ आता ज्याच्या दारी गोठा दिसेल तिथे थांबतात, स्वतःच्या तोंडाने रियाची गोष्ट सांगतात.  मनिषा अजून त्यांच्याशी बोललेली नाही.

बंधुभगिनींनो, गाय धडधाकट दिसली म्हणून तिचं दूध निर्धोक ठरत नाही. जनावरांची तपासणी करून घ्या, दूध उकळूनच प्या. आणि घरातली सून काही सांगत असेल, तर वेळ आहे तोवर ऐका!