मला पिकअप नाही म्हणे

मी बोलतेय. दचकू नका, हॉर्न नाही, खुद्द मी, मखमलाबादच्या अंबूबाईंच्या दारातली पांढरी गाडी. पांढरी म्हणजे कागदोपत्री पांढरी. पुढच्या अंगाला एक पोचा आहे, तो म्हशीने दिलेला. मागचा प्रतिभाने दिलेला, पण घरात तोही म्हशीच्याच नावावर खपवला जातो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात आठशे सीसीचं इंजिन बसवलं आणि चार माणसं न्यायला एवढं पुरे, असं कुणीतरी ठरवलं. ठरवणाऱ्याने नाशिककडची चार माणसं पाहिलेली नसावीत. माझे पहिले मालक एक निवृत्त मास्तर. त्यांनी सीटवरचं प्लॅस्टिक शेवटपर्यंत काढलं नाही आणि चौथा गिअर झिजेल म्हणून वापरला नाही. मग मला महेशने घेतलं आणि ते प्लॅस्टिक पहिल्या आठवड्यातच फाटलं.

महेश म्हणजे अंबूबाईंचा मुलगा आणि प्रतिभाचा नवरा. अंबडच्या एका कारखान्यात तो मशीन चालवतो. घरी झेंडूची शेती. त्यामुळे एरवी माणसं आणि हंगामात फुलांची पोती, असं दोन्ही मी वाहते. "सगळ्या कारखान्याची मशीनं मी सांभाळतो, मग ही एवढीशी गाडी ती काय," असं म्हणत त्याने मला गॅरेज कधी दाखवलं नाही. ऑइल तो घरीच बदलायचा आणि दर रविवारी मला बाहेरून चकाचक पुसायचा. माणसं स्वतःचंही असंच करतात, असं मी पाहिलंय.

मागच्या वर्षी दिवाळी झाली, फुलांचा हंगाम उरकला आणि हे घर नेहमीसारखं वणीच्या गडाला निघालं. नांदुरीच्या घाटात एका वळणावर मी बसले. पहिल्या गिअरमध्येसुद्धा नुसती फुरफुरले आणि बंद पडले. अंबूबाई उतरून कठड्यावर टेकल्या. महेश आणि प्रतिभा मला ढकलत होते, तेवढ्यात मागून वाल्मीकची भलीमोठी गाडी आली. वाल्मीक हा अंबूबाईंचा जावई.

"आई, तुम्ही आमच्या गाडीत या. ह्या डबड्यात काय बसता!" तो म्हणाला. आणि महेशला, "महेशराव, पिकअप नाय राहिला हिच्यात."

अंबूबाई त्याच्या गाडीतून भुर्रकन वर गेल्या. महेशचं तोंड दिवाळीनंतरच्या झेंडूसारखं पडलं. घरी आल्यावर प्रतिभाने निकाल दिला, "पुढच्या वर्षी ही आईंना घेऊन गडावर चढली नाही, तर भंगारात देणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही." महेश मध्ये बोलला नाही. माझा जीव तिथेच टाकीत गोळा झाला.

मग माझ्या अंगात ताकद भरण्याचा कार्यक्रम सुरू झाला. नवं इंजिन परवडणारं नव्हतं, म्हणून महेश मोबाइलवर स्वस्तातले उपाय बघत बसायचा. पहिल्यांदा आला जाडजूड सायलेन्सर. त्यातून असा आवाज निघे, की गल्लीतली कुत्री रस्ता सोडून पळत, आणि मी तेव्हा अजून दारातच असे. मग आली स्टिअरिंगखाली खोचायची डबी. तिच्यात निळा दिवा लुकलुकायचा. त्यापलीकडे तिला काही येत नव्हतं. मग माझ्या पाठीला शेपटी लावली. वेगात गाडीने जमीन सोडू नये म्हणून ती असते म्हणे. मी जमीन सोडेन, अशी भीती महेशशिवाय कुणालाच नव्हती.

प्रत्येक नव्या दागिन्यानंतर तो मला गंगापूर धरणाच्या रस्त्यावर पळवायचा.

"जाणवतोय ना फरक?" तो विचारी.

"कानाला जाणवतोय," प्रतिभा म्हणे.

मी मनात ओरडत होते, अरे बाबा, माझं नाक चोंदलंय! शेपटीला काय बघतोस? पण मला बोलायला हॉर्नच, आणि तो वाजवायचा महेशनेच.

यंदाची दिवाळी झाली. गडाला निघायच्या आदल्या दिवशी महेशने शेवटचा उपाय आणला, शर्यतीच्या गाड्यांना असतो तसला एअर फिल्टर. तो बसवायला त्याने जुन्याची पेटी उघडली आणि उघडतच राहिला. आत गच्च झेंडू! तळाशी वर्षानुवर्षांचा काळा भुसा, वर यंदाच्या पाकळ्या, अजून पिवळ्या.

त्याचं असं आहे. हे घर फुलवाल्यांचं. दसऱ्याला इतरांच्या गाडीला वीतभर माळ, माझ्या तोंडावर मांडीएवढी जाड. आणि अंबूबाईंचा दंडक असा, की देवाच्या नावाची माळ तोडायची नाही, आपोआप गळू द्यायची. ती वाळायची, चुरायची, आणि मी श्वास घेतला की आत यायची.

"आई! तुझ्या माळांनी गाडीचा गळा दाबलाय!" महेश किंचाळला.

अंबूबाई धावत आल्या. "निर्माल्य हाय ते! पाय नाय ना लावला?" म्हणत त्यांनी माझ्या नाकातला सगळा ऐवज पदरात गोळा केला आणि तुळशीच्या मुळाशी नेऊन घातला. मी मोकळा श्वास घेतला. मला रडूच आलं, पण वायपरचं पाणी संपलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. काही विमान झाले नव्हते मी, पण कुरकुर न करता चढत होते. महेश स्टिअरिंगला चिकटून बसला होता. ते वळण आलं आणि मागून अंबूबाई म्हणाल्या, "थांबव रे."

"आई, इथं? चढ हाय!"

"थांबव म्हणते ना."

थांबवली. त्या उतरल्या आणि कठड्यावर जाऊन बसल्या, मागच्या वर्षी होत्या तिथेच.

"मागल्या साली हितं लय बरं वाटलं होतं मला," त्या म्हणाल्या. "जन्मभर फुलं तोडायची, बाजार गाठायचा. त्या दिवशी काहीच गाठायचं नव्हतं. खाली सगळ्यांची शिवारं दिसत व्हती, माझं तेवढं दिसत नव्हतं. जरा टेकले, तर जावईबापू आले अन् घेऊन गेले."

"मग गेलीस कशाला?"

"जावयाला नाय म्हणता येतं का?"

महेशने एकदा माझ्या सायलेन्सरकडे पाहिलं, एकदा शेपटीकडे. मग तोही आईशेजारी बसला. प्रतिभाने चिवड्याचा डबा उघडला. बराच वेळ कुणी उठायचं नाव काढलं नाही. उठले तेव्हा महेशने देवाचं नाव घेऊन हँडब्रेक सोडला. मी जरा मागे सरकले, सगळ्यांचा श्वास अडकवला आणि सरळ गडावर गेले.

परतल्यावर प्रतिभाने माझ्या बोनेटवर थाप मारली. "राहू दे हिला," ती म्हणाली. एवढंच, पण मला ते पुरलं.

मी चढू शकते, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. तरी पुढच्या वर्षी त्या वळणावर मी बंद पडणार आहे. बोनेट उघडून बघतील, काही सापडणार नाही. तुम्ही मागून आलात तर एक विनंती. हॉर्न वाजवू नका, मदतीलाही थांबू नका, मोठी गाडी असेल तर मुळीच नको. गुपचूप पुढे निघून जा. म्हातारी बसलीय.