पायाला बांधलेला पट्टा

मित्रांनो, मी बीपी मोजायचं एक जुनं, पाऱ्याचं यंत्र आहे. राजारामपुरीत डॉक्टर श्यामलाबाईंच्या दवाखान्यात माझी हयात गेली. दर खंडेनवमीला मला हळदकुंकू लागायचं. मग बॅटरीवरचं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तेव्हापासून माझा कुणावर म्हणून विश्वास नाही.

गडमुडशिंगीच्या आकारामवर तर मुळीच नाही. पस्तिशीचा गडी, छाती पैलवानाची, आणि बीपी काही केल्या उतरेना. नव्या यंत्रावर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून बाईंनी मला खाली काढलं. मीही तेच दाखवलं.

"दोन्ही मशिनी खोटं बोलत्यात की!" तो गरजला.

"मशिनी न्हाईत, हेच खोटं बोलत्यात," बायको संयोगिता म्हणाली. "गोळ्या मोरीत टाकत असणार."

"आईची आन, घेतोय!"

मलाही तीच शंका. चोराच्या मनात चांदणं, नाहीतर एवढा ओरडेल कशाला?

बाईंनी वेगळंच विचारलं. "चालताना पोटऱ्या भरून येतात?"

"व्हय. पाय बी कायम गार."

बाई पायाची नाडी बघायला वाकल्या, तसा त्यानं पाय मागं ओढला. "मॅडम, तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा? पाप लागंल मला!" मागंही त्यानं असंच केलं होतं आणि बाईंनी सोडून दिलं होतं.

"लागू दे पाप. पाय इकडं कर!" बाई कडाडल्या आणि माझा पट्टा थेट त्याच्या पोटरीला आवळला. अहो, हळदकुंकवाचा मानकरी मी, आणि पायाला? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पायाचं बीपी हाताएवढं तरी हवं. ते निम्म्यावरच निघालं. पुढच्या तपासण्यांत कळलं, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मापासूनच एका जागी आवळलेली होती. वर रक्ताचा रेटा, खाली ठणठणाट. असंच चाललं असतं तर एखाद्या दिवशी डोक्यातली शीर फुटली असती.

"अन् मी ह्यास्नी खोटारडं म्हटलं!" संयोगिता ढसाढसा रडली.

मोठ्या दवाखान्यात रक्तवाहिनीची ती आवळलेली जागा रुंद केली. नंतर आकाराम आला, त्यानं आपणहून पँट वर सरकवली. संयोगितानं त्याचा तळवा हातात धरला. "मॅडम, ऊन हाय की हो पाय!"

मित्रांनो, शंका खुशाल घ्या, माझ्यावरसुद्धा. पण डॉक्टरांपुढं पाय मागं ओढू नका. आणि मला आता हळदकुंकू नको. पट्टा उसवलाय, तेवढा शिवून घ्या. अजून कुणाच्या तरी पायाला बांधायचा असेल.