दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं

मांस कापण्याच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीनंतर मुक्याने पॅकिंगवाल्याच्या तोंडावर मांसाचा गोठलेला फरा हाणला. जबडा दोन ठिकाणी मोडला, तीन दात फरशीवर पडले आणि चौथा पॅकिंगवाल्याने गिळला, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मुका पळाला नाही. फरा जागेवर ठेवून, हात पुसून, पोलीस येईपर्यंत तो आपल्या ओट्यापाशी उभा राहिला.

खरं तर तो मुका नव्हता. डोंगरापलीकडून आलेला, इथली भाषा कामापुरती बोलायचा आणि एरवी गप्प असायचा, म्हणून ते नाव पडलं. कोर्टाने जामीन देताना अट घातली: समुपदेशन केंद्रात बारा बैठका. तिथे तो बाईंच्या वाट्याला आला.

बाई एकोणीस वर्षं हे काम करत होत्या आणि मन लावून करत होत्या. पण दोन वर्षांपूर्वी एका हसतमुख, गोडबोल्या शिक्षकाच्या कागदावर त्यांनी 'धोका नाही' असा शेरा मारला होता, आणि चौथ्या दिवशी त्याने बायकोला इस्त्रीने ठेचून मारलं. तेव्हापासून ते दोन शब्द लिहायला बाईंचा हात धजत नसे.

तिसऱ्या बैठकीला बावीस प्रश्नांचा तक्ता भरायचा होता. दुभाषा मागवला तर तीन आठवडे लागत, आणि अहवाल शुक्रवारी हवा होता.

"कामापुरतं कळतं ना त्याला?" केंद्राचे साहेब म्हणाले. "मग घ्या उरकून."

मुका खुर्चीच्या कडेला बसला. मान खाली, हात गुडघ्यांवर.

"पॅकिंगवाल्याला पुन्हा मारावंसं वाटतं का तुम्हाला?"

"हो."

"घरात सुरी आहे?"

"हो."

"बायकोवर कधी हात उचललाय?"

"हो."

इतक्या मऊ आवाजात की बाईंना तो शिक्षक आठवला. शिक्षकही असाच मऊ बोलायचा. त्यांनी समासात लिहिलं, 'नजर टाळतो.' बावीसच्या बावीस प्रश्नांना हो. नियमाप्रमाणे त्यांनी तासाभरात पोलिसांना फोन केला, आणि कितीतरी दिवसांनी त्या संध्याकाळी त्यांना पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुका सहा वर्षांच्या मुलीला न्हाऊ घालत होता. दार तोडून चार पोलीस आत आले. "हात वर!" कोणीतरी ओरडलं. मुलीच्या डोळ्यांत साबण होता; मुक्याने आधी तिला आपल्या मागे ओढलं. तेवढ्यावरून काठ्या सुरू झाल्या. पहिला तडाखा मनगटावर, दुसरा बोटांवर. तो मुलीवर पालथा पडला तेव्हा पाठीवर. बायको मधे पडली, तिला ढकललं, तिचं तोंड मोरीच्या कठड्यावर आपटलं. न्हाणीचं पाणी लाल झालं ते कोणाच्या रक्ताने, हे त्या पोरीला शेवटपर्यंत कळलं नाही.

इन्स्पेक्टरने बाईंना फोन केला. "नेमकं सांगितलंत, मॅडम. सुऱ्या सापडल्या. पाच. कापडात गुंडाळलेल्या."

"पाच?" बाईंनी विचारलं. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मांस कापणाऱ्याकडे पाच सुऱ्या असतातच.

त्या लगोलग दवाखान्यात गेल्या. खोलीबाहेर पोलीस होता. बाकावर मुक्याची बायको बसली होती, ओठाला सात टाके, हातात पाण्याची स्टीलची बाटली. ती शिवणकारखान्यात इस्त्री करायची आणि इथली भाषा घडाघडा बोलायची. बाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी चौकशीच केली नव्हती.

"मी केंद्रातून आले," बाई म्हणाल्या.

बायको उठली आणि तिने बाटली बाईंच्या कपाळावर घातली. भुवई फाटली. दुसऱ्या फटक्याला बाई भिंतीवर गेल्या. पोलिसाने धावत येऊन बायकोचा हात पिरगाळला, टाके उसवले, दोघींचं रक्त एकाच फरशीवर पडू लागलं.

"सोडा तिला," बाई म्हणाल्या. "सोडा म्हणते ना! माझी तक्रार नाही."

पोलीस बाजूला झाला. बायको धापा टाकत होती.

"काय विचारलंत तुम्ही त्याला?"

बाईंनी रुमाल भुवईवर दाबून सगळं सांगितलं. एकेक प्रश्न, एकेक हो. बायकोवर हात उचलण्याचा प्रश्न त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितला.

"अकरा वर्षांत त्याने माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नाही," बायको म्हणाली. "तुम्ही वयाने मोठ्या. आमच्यात मोठ्या माणसाने विचारलं की 'हो' म्हणतात, म्हणजे ऐकलं. डोळे वर करत नाहीत. मग मोठं माणूस पुन्हा विचारतं, आणि तेव्हा उत्तर देतात. तुम्ही पुन्हा विचारलंत?"

बाईंनी विचारलं नव्हतं. बावीस प्रश्न, प्रत्येकी एकदाच.

त्या तिथून केंद्रात गेल्या आणि अहवाल मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "अहो, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा कशाला पाडून घेता? त्याने जबडा तर मोडलाच आहे ना? कोण विचारणार तुम्हाला?"

"त्याची मुलगी विचारेल," बाई म्हणाल्या.

कोर्टात त्या कपाळाला पट्टी लावूनच उभ्या राहिल्या. पॅकिंगवाल्याच्या वकिलाने त्यांची पिसं काढली: एकोणीस वर्षांचा अनुभव, आणि हो म्हणजे काय ते कळत नाही? "नाही कळलं," त्यांनी सांगितलं. "मी दुभाषा न घेता विचारलं. चूक माझी." मुका अकराव्या दिवशी कोठडीतून सुटला. उजव्या हाताची तीन बोटं मात्र कायमची ताठ झाली. सुरी धरण्याचं त्याचं काम संपलं. बाईंवर ठपका आला आणि सहा महिने त्यांना एकटीने बैठक घ्यायला मनाई झाली.

उरलेल्या बैठका एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे गेल्या. या वेळी दुभाषी होती: डोंगरापलीकडचीच एक नर्स. पहिल्या दिवशी बाईंनी आत येऊन माफी मागायची परवानगी घेतली. मुका मान खाली घालून म्हणाला, "हो." मग नर्सने बाईंकडे पाहून मान हलवली, तशी त्यांनी पुन्हा विचारलं, "मला माफ कराल?"

"नाही," तो म्हणाला.

बाई जायला निघाल्या. पण तो बोलतच राहिला, आपल्या भाषेत, भराभर, आणि नर्सला गाठता गाठता नाकी नऊ आले. जबडा मोडला त्या दिवशी सुट्टीत पॅकिंगवाल्याने आणि आणखी दोघांनी त्याला कोटासकट आकड्याला टांगलं होतं, सोललेल्या धडांच्या रांगेत. कोल्ड रूमचं दार लावून घेतलं. बाहेर हसत होते. पाऊण तास तो लोंबकळत होता. पायाखाली काही लागत नव्हतं, पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. दार उघडून पॅकिंगवाल्याने त्याच्या गालावर शिक्का मारला, मालावर मारतात तो. "आता ओरड की मुक्या." खाली उतरवल्यावर हाताला लागलं ते मुक्याने उचललं.

"पोलिसांना का नाही सांगितलं?" सहकाऱ्याने विचारलं. मुका म्हणाला, "हो." सहकाऱ्याने पुन्हा विचारलं.

"त्यांनी विचारलं, मारलंस का. मारलं होतं."

सांगता सांगता तो ताठ बोटांचा हात टेबलावर आपटू लागला. नर्सने धरायचा प्रयत्न केला. कातडी फुटली, टेबलावरचे कागद भिजले. कोणी त्याला शांत हो म्हटलं नाही. दमल्यावर तो आपणच थांबला.

कारखान्याच्या कॅमेऱ्यात सगळं होतं, फक्त कोणी मागितलं नव्हतं. पॅकिंगवाल्यावर आणि त्या दोघांवर खटला उभा राहिला. मुक्याला कोर्टाने समज देऊन सोडलं.

शेवटच्या बैठकीच्या दिवशी बायको मुलीला घेऊन जिन्यात उभी होती. बाई वर चढत होत्या. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून फिरवायला हात पुढे केला. मुलीने तो दोन्ही हातांनी पकडला आणि अंगठ्याखालच्या मांसात दात रोवले. बाई कळवळून ओरडल्या, हात हिसडला, तरी ती सोडेना. आईने जबड्यात बोटं घालून तिला ओढून काढलं.

"आवर घाला हो तिला," मागून साहेब म्हणाले.

"नाही घालणार," बायको म्हणाली. तिने पदराने मुलीचं तोंड पुसलं आणि तिला घेऊन जिना उतरू लागली.