निळ्या पट्टीच्या आत

दर रविवारी सकाळी गाझियाबादच्या आपल्या फ्लॅटमध्ये शांताराम कॉम्प्युटरपुढे बसत आणि दिल्लीभरच्या मराठी घरांतली सात-आठ मुलं पडद्यावर जमत. घरात मराठी ऐकणारी ही मुलं बोलायला लागली की दुसऱ्याच वाक्याला हिंदीवर घसरायची. शांताराम त्यांना गोष्टी सांगत, मग त्यांच्याकडून वदवून घेत. गोष्ट चालू असताना सगळ्यांचे माइक ते बंद ठेवत. ज्याला बोलायचं त्यानं हात वर करायचा, मग आजोबा त्याचा माइक सुरू करणार.

"हात वर झाला म्हणजे वाक्य मनात जुळलं," ते सांगत. "घाई नाही. मी थांबतो."

मैत्रेयीचा हात वर्षभरात एकदाही वर झाला नव्हता. गेल्या रविवारी निरोप घेताना मात्र ती हळूच म्हणाली, "आजोबा, नेक्स्ट टाइम मी सांगू? पूरी गोष्ट? मी लाल स्वेटर घालीन, म्हणजे तुम्हाला लगेच दिसेल."

हे ती म्हणाली, कारण आजोबांना काचबिंदू आहे हे मुलांना ठाऊक होतं. ठसठशीत रंग त्यांना दिसत, पांढऱ्यावरचं पांढरं दिसत नसे.

जुन्या कॉम्प्युटरवर त्यामुळे काही अडलं नव्हतं. निवृत्तीपूर्वी ते एका केंद्रीय खात्यात कारकुनांना कॉम्प्युटर शिकवत. पडद्यावरच्या खिडक्यांचं अख्खं खानदान त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलं होतं, आणि मुलांना त्याची गोष्टही त्यांनी रंगवून सांगितली होती. सुरुवातीच्या काही खिडक्या फरशांसारख्या शेजारी शेजारी बसायच्या, एकमेकींवर चढायच्या नाहीत. मग त्या टेबलावरच्या कागदांसारख्या एकीवर एक पडू लागल्या, म्हणून प्रत्येकीला उठावदार करडी कड आली. जी सगळ्यांत वर, तिच्या माथ्यावर निळी पट्टी. मागच्या सगळ्या फिक्या. "पट्टी धरायची आणि खिडकी हवी तिथे न्यायची. भांड्याला कान असतो ना, तसं!" पुढे खिडक्या काचेसारख्या झाल्या, नंतर चपट्या. कडा बारीक होत होत नाहीशा झाल्या.

त्या नाहीशा झालेल्या कडा आता त्यांच्या घरात आल्या होत्या. जुन्या कॉम्प्युटरवर वर्गाचा प्रोग्रॅम चालेनासा झाला, तेव्हा मानेसरला नोकरी करणारा मुलगा नचिकेत नवा घेऊन आला. पांढऱ्या खिडकीवर पांढरी खिडकी. एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, शांतारामांना कळेना. वरचा भाग धरून ओढायला जावं तर भलतंच काहीतरी बंद व्हायचं.

नचिकेतनं सेटिंग बदलून पडदा काळा केला, अक्षरं पिवळी केली. काही खिडक्यांना कड आली. वर्गाच्या खिडकीला आली नाही.

"बाबा, पूर्वी सगळ्यांच्या चौकटी कॉम्प्युटर काढायचा. आता बरेचसे प्रोग्रॅम आपली चौकट आपणच काढतात. मशीनला सांगून उपयोग नाही."

"मग कुणाला सांगायचं?"

नचिकेतनं खांदे उडवले. "कुणाला म्हणून सांगणार, बाबा?"

शेवटी उपाय त्यांच्या पत्नीनं, अलकनंदाबाईंनी काढला. तारांना गुंडाळतात ती निळी चिकटपट्टी त्यांनी आणली आणि वर्गाची खिडकी जिथे उघडायची तिथे पडद्याच्या काचेवरच चौकोन चिकटवला.

"अहो, ही घ्या तुमची निळी पट्टी. या चौकटीत मुलं. बाहेरचं काही बघूच नका."

"अगं, तू माझ्या खात्यात हवी होतीस," शांताराम म्हणाले.

रविवारी अलकनंदाबाई भाजीला गेल्या. शांतारामांनी वर्ग सुरू केला, फोन गप्प केला. मुलांना दाखवायला प्राण्यांच्या चित्रांचा तक्ता उघडला, दाखवून झाल्यावर बाजूला सारला, निदान त्यांना तसं वाटलं. निळ्या चौकटीत रंगीत चौकोनांच्या रांगा होत्या. वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता. आली पोर, त्यांना बरं वाटलं.

त्यांनी गोष्ट सांगितली. मग थांबले. लाल ठिपका हलला नाही. ते वाट पाहत राहिले. वाट पाहण्यात त्यांचा हात कुणी धरू शकलं नसतं.

"मैत्रेयी, आज नको वाटतंय का, बाळा? हरकत नाही. कधीतरी सांग. मी आहेच."

दार उघडलं. पिशव्या घेऊन अलकनंदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, कोंबड्याशी काय बोलताय?"

चौकट जागच्या जागी होती. आत कोल्हा, ससा, कासव आणि लाल तुऱ्याचा कोंबडा. मुलं त्या चित्रांच्या मागे, दिसेनाशी. अलकनंदाबाईंनी तक्ता बंद केला तोवर वर्ग पांगला होता. फोनवर मैत्रेयीच्या आईचे, रुचिताचे, न घेतलेले कॉल होते.

शांतारामांनी लगेच फोन लावला.

"काका, तुमची चूक नाही, मी सांगितलं तिला," रुचिता म्हणाली. "पण तिचा हात वर होता. सगळा वेळ. दुखला तेव्हा तिनं दुसरा केला. तुम्ही 'हरकत नाही' म्हणालात ना, मग तिनं खाली घेतला."

"तिला दे ना जरा."

पलीकडे कुजबुज झाली. "नको म्हणतेय, काका. बाद में, म्हणतेय."

पुढच्या रविवारी शांतारामांनी तक्ता उघडलाच नाही. सगळ्यांचे माइक सुरू ठेवले. मुलं एकदम बोलू लागली, कुणाच्या घरी कुकरची शिट्टी, कुणाकडे टीव्ही. त्या गलक्यात ते एकच आवाज शोधत होते.

"अगं, मैत्रेयी आलीय का?"

अलकनंदाबाई पडद्याकडे वाकल्या. "आलीय. खालच्या रांगेत."

"लाल स्वेटर?"

"नाही हो. पांढरा काहीतरी."

"आणि हात?"

अलकनंदाबाईंनी पुन्हा नीट पाहिलं. "मांडीवर आहेत."

शांताराम पडद्याजवळ सरकले, नाक काचेला टेकेल इतके. खालच्या रांगेत सगळं पांढरं होतं. त्यांनी निळ्या पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मी थांबतो."