राणीचं अंगण

"आजी, हळू बोल. मी राणीच्या अंगणात हाय," फोनमधून तेजश्री कुजबुजली, तशी वनमालाबाईंनी भाकरी तव्यावरच सोडली.

नात आफ्रिकेत पाण्याच्या योजनांवर इंजिनिअर होती. डोंगरातल्या एका लहानशा राज्यात ती टाकीसाठी जागा मागायला गेली होती. तिथं आईमागून लेक गादीवर बसते. पडद्यावर एक ठेंगणी, काळीसावळी बाई लाकडी आसनावर बसलेली दिसत होती. पिकल्या केसांचे पुरुष अंगणाबाहेर चपला काढून आले आणि तिच्यापुढं गुडघे टेकून बसले.

"आन् तिचा नवरा कुठं हाय?"

"राणीनं नवरा करायचा न्हाई, अशी चाल हाय हितली."

"मग तिच्या वतीनं बोलतंय कोण?"

"तीच की."

वनमालाबाई बघतच राहिल्या. भाकरी करपली. ताटावर बसलेले त्यांचे यजमान अर्जुनराव हसले, उद्यापासून आमीबी चुलीपुढं गुडघे टेकतो म्हणाले.

वनमालाबाई गावच्या सरपंच होत्या. खुर्चीत मात्र नवरा बसे. तो दाखवील तिथं त्या सही करत. उद्याच्या ग्रामसभेत नवी टाकी कुठं बांधायची ते ठरायचं होतं. अर्जुनरावांनी ती आपल्या गोठ्यालगत ठरवूनच टाकली होती. हंडे घेऊन चढ चढणाऱ्या खालच्या वस्तीतल्या बायका विनवून गेल्या होत्या. ह्यांना सांगते, असं त्यांना म्हणून वनमालाबाई गप्प बसल्या होत्या.

सकाळी सभेला निघाल्या. पार आला तशा वाकल्या आणि चपला हातात घेतल्या. गडीमाणसांपुढून पायात घालून जायचं नाही, हे लग्न होऊन आल्या दिवशीच सासूनं शिकवलेलं. उन्हाळ्याच्या तापल्या फुफाट्यातून किती सुना इथून अशाच अनवाणी गेल्या होत्या! चार पावलं पुढं गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, पारावर कुणीच नव्हतं. सगळे सभेला गेलेले. रिकाम्या दगडांची आपण अदब राखतोय! त्यांनी चपला खाली टाकून पायात सरकवल्या.

ग्रामपंचायतीत शिरून त्या थेट खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. काय पाहिजे, असं अर्जुनरावांनी नजरेनंच विचारलं.

"उठा अवं," त्या म्हणाल्या. "टाकी खालच्या वस्तीवर पायजे. ते मला सांगायचंय."

अर्जुनरावांनी सभेकडं पाहिलं. त्यांच्या बाजूनं कुणी बोलेना. मग ते उठले आणि सतरंजीवर जाऊन बसले. भिंतीलगतच्या बायका जरा पुढं सरकल्या.

फिरती खुर्ची अर्जुनरावांच्या उंचीला चढवलेली होती. वनमालाबाई बसल्या, तर पाय जमिनीला टेकेनात. तसेच लोंबत्या पायांनी त्यांनी बोलायला सुरुवात केली.